मिरजेचा किल्ला कोणी करीत नाही

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेच्या गल्ल्यांतून हिंडले म्हणजे दर दहा-वीस घरांआड एक छोटा सह्याद्री उभा दिसतो. विटा, दगड, फाटकी पोती आणि मिळेल ती माती एवढ्या सामग्रीवर मुले प्रतापगड उठवतात, रायगड उठवतात. पन्हाळा तर असतोच, कारण तो आमच्या शेजारचा. आठ दिवस आधी पेरलेले अळीव उगवून आले की डोंगर हिरवे होतात. मग बाजारातून चित्रे येतात : ढालतलवार घेतलेले मावळे, दोन भालदार, एखादी तोफ, पायथ्याच्या गुहेत बसवायला वाघ, आणि कोणत्या काळातली हे विचारू नये अशी एक गवळण. सर्वांत वर सिंहासन आणि सिंहासनावर महाराज.

हे किल्ले मी लहानपणी केले, पुढे मुलांना करायला लावले आणि अलीकडे त्यांच्या स्पर्धांचा परीक्षक म्हणूनही चिखल तुडवला. परंतु ह्या गावात कोणी मिरजेचा किल्ला केलेला माझ्या पाहण्यात नाही. त्याला एक कारण उघड आहे. मिरजेचा किल्ला भुईकोट. त्याला डोंगर नाही, अळीव पेरायला उतार नाही, वाघाला गुहा नाही. होता तो तट आणि खंदक, आणि त्यातलेही आता थोडकेच उरले आहे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत पन्हाळा आहे, प्रतापगड आहे. त्या मानकऱ्यांच्या पंगतीत आमच्या भुईकोटाला कोण बसवणार?

दुसरे कारण मात्र मुलांच्या अंगणातून पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. मिरजेचा किल्ला करावयाचा तर महाराजांना ठेवायचे कोठे? १६६० च्या आरंभी महाराज मिरजेस आले होते खरे, पण ते किल्ल्यावर नव्हते. किल्ल्याबाहेर वेढा घालून बसले होते. सिंहासन अजून चौदा वर्षे दूर होते. म्हणजे किल्ला शत्रूचा, आणि महाराज खाली मैदानात! असा किल्ला कोणते मूल करील?

ह्या गोष्टीचा विचार मला करावा लागला तो एका विलायती पेटीमुळे. माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरीला आहे. गेल्या वर्षी तो गावी आला तेव्हा शाळेतल्या मुलांसाठी म्हणून एक खेळ घेऊन आला. पेटीत नेपोलियनच्या काळातले बोटभर उंचीचे सैनिक, तेही पूर्ण नव्हेत. हात, डोकी, बंदुका चौकटीला चिकटलेल्या. त्या कापायच्या, डिंकाने जोडायच्या, बारीक कुंचल्याने रंगवायच्या. सोबत फासे, इंचांची फीत, आणि आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाहून जाड असे नियमांचे पुस्तक. मेजावर टेकड्या, नाले, झाडे मांडायची. दोन बाजूंनी दोघांनी बसायचे. फौज फितीने मोजून पुढे सरकवायची. आणि गोळी लागली की नाही ते फाशाला विचारायचे. मुलांनी दोन दिवस सैनिक जोडले, तिसऱ्या दिवशी रंगवले, चौथ्या दिवशी त्यांना माझ्या कपाटावर ओळीने उभे केले, आणि खेळ संपला असे समजून ती घरी गेली. त्यांच्या हिशेबी किल्ला मांडून झाला होता.

येथेच मला तो फरक दिसला. आमचा दिवाळीचा किल्ला हा खेळ नव्हे, देखावा आहे. त्यावरचा मावळा पाच दिवस तलवार उपसून उभा असतो आणि त्याच्यावर कोणी चालून येत नाही. शत्रूची चित्रे बाजारात मिळत नाहीत, आणि मिळाली तरी ती मांडायला जागा कोणी ठेवलेली नसते.

युरोपातही ह्या खेळाची सुरुवात देखाव्याच्याच जवळपास झाली. १८१२ साली प्रशियाच्या राजाला फॉन राइस्विट्झ नावाच्या एका गृहस्थाने मोठे मेज करून दिले. त्यावर डोंगर, नद्या, गावे यांचे तुकडे हवे तसे जुळवता येत. राजवाड्यात ते शोभून दिसले. त्याच्या मुलाने, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे शास्त्र केले. शोभेचे डोंगर काढून टाकले आणि खरा लष्करी नकाशा अंथरला. तांबड्या व निळ्या ठोकळ्यांच्या फौजा केल्या. एक डाव म्हणजे दोन मिनिटांचा काळ ठरवला. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मध्ये एक पंच बसवला. दोन्ही सेनापतींनी आपले हुकूम पंचाकडे द्यायचे, आणि शत्रूचे जेवढे खरोखर दृष्टीस पडले असते तेवढेच पंचाने त्यांना दाखवायचे. सेनेचे मुख्याधिकारी म्यूफलिंग हे पाहायला आले ते काहीशा अनिच्छेने. पाहता पाहता इतके रंगले की हे खेळणे नसून युद्धाची शाळा आहे असे म्हणून त्यांनी तो सर्व पलटणींना लागू केला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स ह्या कादंबरीकाराने पोराटोरांच्या शिशाच्या सैनिकांना आणि लाकडी गोळी उडवणाऱ्या खेळण्यातल्या तोफांना नियम घालून देणारे पुस्तक लिहिले. खोटी लढाई खरीपेक्षा किती बरी, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. कादंबरीकारांचे कोण ऐकतो!

आमच्याकडे असा खेळ नव्हताच असे मात्र कोणी म्हणू नये. चतुरंग हे नावच चतुरंग सेनेचे, आणि बुद्धिबळाची पंढरी म्हणून मिरवणारी सांगली आमच्या हाकेच्या अंतरावर आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ चालवून पिढ्यान्पिढ्या मुले पटावर बसवली. भाग्यश्री साठे-ठिपसे ह्या सांगलीच्याच. पण बुद्धिबळात दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरी, तीच घरे, तोच उजेड. इतिहासात अशी सारखी वाटणी कोणाला मिळाली आहे? महाराजांना तर कधीच नाही. आणि पटावर समोरच्याची सगळी मोहरी दिसतात. मिरजेच्या तटाआड किती धान्य आहे हे बाहेरून दिसत नव्हते.

म्हणून मी विलायती सैनिक कपाटावरच ठेवले आणि नियमांच्या पुस्तकातून कामापुरते चार नियम घेऊन मिरजेचा वेढा मांडायचे ठरवले. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. परंतु ह्या प्रकरणाच्या तारखा पक्क्या आहेत आणि त्या एकापाठोपाठ ठेवल्या तर अंगावर काटा येतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान पडला. २८ नोव्हेंबरला, म्हणजे अठरा दिवसांत, पन्हाळा हाती आला. बरोबर एक महिन्याने, २८ डिसेंबरला, कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमानाच्या फौजेचा पराभव झाला. जानेवारीत मिरजेला वेढा. इतका वेळ वाऱ्यासारखी धावणारी फौज ह्या भुईकोटाशी आली आणि थांबली. दीड-दोन महिने गेले, किल्ला पडेना. तिकडे विजापुराहून सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन निघाला. आणि २ मार्च १६६० ला महाराज वेढा सोडून पन्हाळ्यावर गेले.

सहा बाके जोडून त्यावर वाळू पसरली. तट विटांचा केला, खंदकाला निळा कागद. एका कोपऱ्यात पन्हाळा हवा होता. आमच्या गावात सतार-तंबोऱ्यांचे कारखाने आहेत, तेथून एक फुटका भोपळा मागून आणला आणि पालथा घातला. माणसे दिवाळीचीच, मातीची. एक चित्र म्हणजे शंभर माणसे. हे माझे ठरवणे, बखरीचे नव्हे. एक डाव म्हणजे दोन दिवस. किल्ल्यातले धान्य म्हणजे झाकलेल्या डब्यातले चिंचोके. दर डावाला एक कमी व्हायचा, आणि डब्यात किती आहेत हे किल्लेदार आणि पंच यांनाच ठाऊक. बाहेरच्यांनाही घोड्यांच्या वैरणीचे चिंचोके मोजावे लागत. पंधराव्या डावापासून पंचाने, म्हणजे मी, दर डावाला गुपचूप फासा टाकायचा. सहा पडले की जौहर विजापुराहून निघाला.

रंगांचा प्रश्न आला. बाजूंची ओळख पटावी म्हणून चित्रांच्या तळांना रंग लावणे भाग होते, आणि मुलांनी कोणते दोन रंग सुचवले ते सांगायची गरज नाही. मी घरून काव आणि कपड्यांची नीळ घेऊन गेलो. राइस्विट्झचेही तांबडे-निळेच होते.

पण खरी अडचण पुढे होती. विजापूरच्या बाजूने कोण बसणार? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एकजण अगदी सहज म्हणाला, "सर, तो बसेल की," आणि त्याने ज्याच्याकडे बोट केले तो मुलगा बाकावरची रेघ नखाने कोरू लागला. बोट करणाऱ्याच्या मनात विष नव्हते. तो त्याच्याच डब्यातले खातो. त्याला ते इतके स्वाभाविक वाटले, हेच मला बोचले.

हे गाव मिरासाहेबांच्या दर्ग्याचे आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचे आहे. आणि ह्याच गावात २००९ च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवात, अफझलखानवधाचे चित्र असलेल्या कमानीवरून दंगल उसळली, संचारबंदी लागली, झळ आसपासच्या गावांपर्यंत गेली. आजची मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. त्या दिवसांविषयी त्यांना कोणी काही शिकवलेले नाही, तरी बोट कोणाकडे करायचे ते त्यांना माहीत होते.

मी भाषण केले नाही. फळ्यावर नावे लिहिली. कोल्हापूरच्या लढाईत विजापूरच्या बाजूने लढणारे घाटगे आणि घोरपडे. महाराजांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलाल. पुढे पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकराबरोबर हाच हिलाल धावून गेला, आणि त्या झटापटीत त्याचा तरुण मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. परमानंदाच्या शिवभारतात हे आहे. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि अर्ध्या डावांनंतर बाजू बदलायची असा नियम केला. ज्याच्याकडे बोट गेले होते त्याच्या चिठ्ठीत नेताजी निघाला. बोट करणारा किल्लेदार झाला.

किल्लेदाराचा चेहरा पहिले तीन डाव पाहवत नव्हता. चौथ्या डावाला बाहेरच्यांनी शिड्या लावल्या, खंदकात त्यांची सात चित्रे पडली, आणि गड्याच्या अंगात किल्लेदारी संचारली. तो डब्यावर हात ठेवून बसू लागला. चिंचोके अर्ध्यावर आले तेव्हा त्याने माझ्या कानाशी लागून विचारले, शिबंदीला अर्धे पोट ठेवले तर चालेल का? मी म्हणालो, चालेल, पण फाशातला एक कमी होईल. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण वेढ्यात अडकलेल्या प्रत्येक किल्लेदाराने, तो कोणत्याही निशाणाचा असो, हाच हिशेब केला असणार.

बाजू बदलल्यावर महाराजांच्या जागी एक शांत मुलगी होती. विसाव्या डावाच्या सुमारास माझा फासा सहावर पडला आणि जासुदाची चिठ्ठी तिच्या हाती दिली. तिने वाळूकडे पाहिले, भोपळ्याकडे पाहिले, फीत लावून अंतर मोजले, आणि सगळी चित्रे उचलायला सुरुवात केली. तिच्या बाजूचीच पोरे ओरडली, "पळते! पळते!" दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज कधी मागे फिरलेले त्यांनी पाहिले नव्हते. मी २ मार्चची तारीख सांगितली तेव्हा ती गप्प झाली.

आता तो निर्णय बरोबर होता काय? मैदानात भुईकोटाचा तट पुढे आणि जौहरची फौज पाठीशी, ह्या कात्रीतून निघणे भागच होते, असे माझे मत. पण पन्हाळ्यावर गेल्याने महाराज चार महिने कोंडले गेले, जुलैच्या पावसातली ती रात्र ओढवली, घोडखिंडीत बाजीप्रभू पडले, हेही तितकेच खरे. एका मुलाने विचारले, पन्हाळ्याऐवजी ती विशाळगडाला गेली असती तर? मी म्हणालो, मांडून पाहा. सुट्टीत त्याने घरी ते मांडलेही.

मिरजेचा किल्ला मराठ्यांकडे आला तो शाहू महाराजांच्या काळात, १७३९ मध्ये. म्हणजे त्या वेढ्यानंतर ७९ वर्षांनी. यंदा मात्र मी १७६३ चा वेढा घेणार आहे. तेव्हा किल्ल्यात गोपाळराव पटवर्धनांची माणसे होती आणि बाहेर राघोबादादांची पेशवाई फौज. किल्ला पेशव्यांनी घेतला, आणि गोपाळराव निजामाकडे गेले. नियम गेल्या वर्षीचेच पुरतील, फक्त जौहरचा फासा काढून टाकायचा. चित्रेही नवी आणावी लागत नाहीत. दोन्ही बाजूंना तेच मावळे, तीच पागोटी. काव आणि नीळ मी आणून ठेवली आहे.