मणक्याचा जंतुसंसर्ग : प्रतिमानिदान

मणके, त्यांमधील गादी किंवा मज्जारज्जूभोवतीची जागा यांना झालेला संसर्ग क्ष-किरण, सीटी व एमआरआय यांच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धती. भारतात या संसर्गाचे मोठे कारण क्षयरोग. इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये मणक्याच्या क्षयाचे वर्णन केले. साध्या क्ष-किरण चित्रात बदल उशिरा दिसतो, कारण हाडातील सुमारे ३० ते ४० टक्के खनिज नाहीसे झाल्याशिवाय छाया बदलत नाही. सुरुवातीचे चित्र निर्दोष आले म्हणून रुग्णाला घरी पाठवणे त्यामुळेच धोक्याचे.

एमआरआय सर्वांत उपयुक्त. मज्जेतील सूज, मज्जारज्जूवरील दाब व गळू त्यात लवकर दिसतात. पूजनक जंतू गादी झपाट्याने नष्ट करतात. क्षयात ती बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकते, पू अस्थिबंधाखालून पसरतो आणि गळूची भिंत पातळ, गुळगुळीत असते. दूरचा एखादा मणकाही बाधित असू शकतो, म्हणून संपूर्ण कण्याची तपासणी इष्ट. तरी चित्रावरून जंतूचे नाव ठरत नाही. सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने नमुना घेऊन संवर्धन व जनुकीय चाचणी करतात; औषधरोधी क्षयाच्या काळात हे टाळता येत नाही.

उपचारानंतर रुग्ण सुधारला तरी एमआरआयमधील बदल काही महिने रेंगाळतात.