जुना ‘एअर’, नवा ‘एअर’ : वेग नेमका कशाने वाढला?

लॅपटॉपचे नवे मॉडेल जुन्यापेक्षा किती वेगवान आहे, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे सहसा कठीण असते. नव्या मॉडेलमध्ये पडदा बदललेला असतो, बॅटरी मोठी केलेली असते, रॅम वाढवलेली असते. त्यामुळे झालेल्या सुधारणेचे श्रेय नेमके कोणाला द्यावे, हे कळत नाही. अ‍ॅपल कंपनीच्या ‘मॅकबुक एअर’च्या बाबतीत मात्र २०२० साली एक दुर्मीळ योग जुळून आला. त्या एकाच वर्षात कंपनीने या लॅपटॉपच्या दोन पिढ्या बाजारात आणल्या. पहिली १८ मार्च रोजी जाहीर झाली, तेव्हा भारतात देशव्यापी टाळेबंदी लागू होण्यास जेमतेम आठवडा उरला होता. दुसरी १० नोव्हेंबरला आली आणि तिच्या आगमनाबरोबरच पहिलीची विक्री कंपनीने थांबवली. दोन्हींचे धातूचे कवच सारखे, पडद्याचा आकार १३.३ इंच, वजन १.२९ किलो, बॅटरीची क्षमता ४९.९ वॅट-तास. सर्वांत स्वस्त प्रकारात रॅम ८ जीबी आणि साठवण २५६ जीबी, हेही समान. भारतातील प्रारंभीची किंमतसुद्धा दोन्ही वेळा ९३ हजार रुपयांच्या घरातच होती. मोठा म्हणावा असा बदल एकच होता. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची जागा अ‍ॅपलने स्वतः आखलेल्या ‘एम१’ या चिपने घेतली होती.

घरून काम आणि ऑनलाइन वर्ग यांच्या निकडीपोटी त्या उन्हाळ्यात ज्यांनी पदरमोड करून ‘एअर’ घेतला, त्यांच्या हाती आठ महिन्यांतच मागच्या पिढीचे यंत्र उरले. अ‍ॅपल इंटेलपासून फारकत घेणार, ही घोषणा जूनमध्ये झाली होती. पण मार्च-एप्रिलच्या ग्राहकाला ती कळण्याचा काही मार्गच नव्हता. या ग्राहकाने नेमके काय गमावले, हे पाहू गेल्यास संगणकाच्या कार्यक्षमतेविषयीचे अनेक रूढ समज तपासून घ्यावे लागतात.

गिगाहर्ट्झचा भ्रम

पहिला समज गिगाहर्ट्झचा. दुकानात लॅपटॉप घेताना विक्रेता आजही हाच आकडा आधी सांगतो. जुन्या ‘एअर’मधील प्राथमिक ‘कोअर आय३’ प्रोसेसरचा मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ होता आणि गरजेनुसार तो थोड्या वेळापुरता ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढत असे. ‘एम१’च्या वेगवान गाभ्यांचा कमाल वेगही ३.२ गिगाहर्ट्झच. म्हणजे कागदावर दोघे बरोबरीत. प्रत्यक्षात ‘गीकबेंच ५’ या चाचणीत एका गाभ्याच्या कामासाठी जुन्या यंत्रास सुमारे १००० गुण मिळत, तर नव्यास सुमारे १७००. सर्व गाभे एकदम कामाला लावल्यास तफावत आणखी रुंदावते. ‘आय३’च्या दोन गाभ्यांना मिळून दोन हजारांच्या आसपास, ‘आय५’च्या चार गाभ्यांना त्याहून थोडे अधिक आणि ‘एम१’च्या आठ गाभ्यांना सुमारे साडेसात हजार गुण मिळाले.

ठोक्यांची गती समान असताना हे घडते कसे? गिगाहर्ट्झ हा आकडा प्रोसेसरचे ठोके मोजतो. एका ठोक्यात किती काम उरकते, याविषयी तो मूक असतो. ‘एम१’चा वेगवान गाभा एका ठोक्यात आठ सूचना उलगडू शकतो आणि इंटेलच्या त्या पिढीला हा पल्ला गाठता येत नव्हता. शिवाय लागणारी माहिती अगदी हाताशी ठेवण्यासाठी जो पहिल्या पातळीचा साठा असतो, तो इंटेलच्या गाभ्यात विदेसाठी ४८ किलोबाइट आणि सूचनांसाठी ३२ किलोबाइट होता. ‘एम१’मध्ये हे आकडे अनुक्रमे १२८ आणि १९२ आहेत. ज्या सुताराची हत्यारे बाकावरच मांडलेली आहेत, त्याला दर खिळ्यामागे कोठीघरात जावे लागत नाही. नवी चिप तैवानच्या ‘टीएसएमसी’ कंपनीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेवर घडवलेली होती, जुनी इंटेलच्या १० नॅनोमीटर प्रक्रियेवर. या आकड्यांना आता मोजमापाचा काटेकोर अर्थ उरलेला नाही, ती बव्हंशी व्यापारी नावे झाली आहेत. तथापि त्या वेळी ‘टीएसएमसी’ पुढे होती, याविषयी वाद नव्हता.

उष्णतेचे गणित

खरा कळीचा मुद्दा मात्र उष्णतेचा आहे, आणि जाहिरातींमध्ये तो क्वचितच येतो. पातळ लॅपटॉपचा वेग प्रोसेसरच्या ताकदीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेवर ठरतो. ‘एअर’च्या देहात सुमारे १० वॅट इतकीच उष्णता सामावते, असे अ‍ॅपलनेच ‘एम१’च्या वेळी सांगितले होते. जुन्या ‘एअर’मध्ये पंखा होता खरा, पण प्रोसेसरवरील धातूच्या पट्टीपासून पंख्यापर्यंत उष्णता वाहून नेणारी नळीच त्यात नव्हती. पंखा एका कोपऱ्यात फिरे आणि आतल्या हवेला केवळ हलवी. परिणामी चित्रफितीवर संस्करण करताना किंवा लांबलेल्या व्हिडिओ बैठकीत प्रोसेसरचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचे, पंखा घोंगावू लागे आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग खाली आणी. ३.२ किंवा ३.५ गिगाहर्ट्झ हा आकडा मग खोक्यावरच राही. अधिक पैसे मोजून ‘आय७’ घेणाऱ्याचीही यातून सुटका नव्हती. उष्णतेला वाट तीच असल्याने जादा पैशांचा मोठा भाग दीर्घ कामात वाया जात असे.

नव्या ‘एअर’मध्ये पंखाच काढून टाकण्यात आला. तो नसताना वेग वाढला, ही बाब अनेकांना प्रथम पटली नव्हती. पण ‘एम१’चे चार गाभे वेगवान कामासाठी आणि चार अल्प विजेत चालणाऱ्या किरकोळ कामांसाठी आहेत, पत्र लिहिणे, मेल वाचणे, गाणे ऐकणे यांसाठी मोठ्या गाभ्यांना जागे करण्याचे बहुधा कारणच पडत नाही. अर्थात भौतिकशास्त्राचे नियम इथेही लागू आहेत. सर्व गाभ्यांना जुंपणारी ‘सिनेबेंच’सारखी चाचणी सलग चालवली, तर आठ-दहा मिनिटांनंतर पंखा नसलेल्या या यंत्राचाही वेग दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. उतरलेला हा वेगदेखील जुन्या ‘एअर’च्या उत्तम वेगापेक्षा बराच वर राहतो, हा भाग वेगळा. कंपनीच्या तपशीलपत्रात वापरासाठी योग्य तापमान १० ते ३५ अंश असे दिलेले आहे. मे महिन्यातील नागपूर किंवा अकोला या मर्यादेत बसत नाही, हे विदर्भातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

कंपन्यांच्या दाव्यांमधील ‘पर्यंत’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. ‘एम१’ असलेला ‘एअर’ जुन्यापेक्षा साडेतीन पटींपर्यंत वेगवान आहे, असे अ‍ॅपलने जाहीर केले होते. ‘आय७’ प्रोसेसरच्या जुन्या ‘एअर’शी तुलना करून, निवडक कामांपुरता काढलेला हा आकडा आहे. सर्वसाधारण चाचण्यांत ही वाढ अडीच पटींच्या जवळपास भरते आणि एकाच गाभ्यावर चालणाऱ्या कामांत त्याहूनही कमी. दावा खोटा नव्हता, पण सर्वोत्तम उदाहरण पुढे केलेले होते.

बॅटरीबाबत असा पेच नाही. क्षमता तीच असल्याने फरकाचे संपूर्ण श्रेय चिपला जाते. कंपनीच्या मोजणीनुसार इंटरनेट वापरताना जुना ‘एअर’ ११ तास चाले, नवा १५ तास.

तोट्याची बाजू

नव्याचे सगळेच गोड नव्हते. जुन्या ‘एअर’ला दोन ‘फोर-के’ मॉनिटर बाहेरून जोडता येत. नव्याला कंपनीच्या तपशिलानुसार एकच. रॅमची कमाल मर्यादा १६ जीबी, ती तशीच राहिली. वेबकॅमही जुनाच ७२० पी, आणि तोही व्हिडिओ बैठकांच्या त्या वर्षात, ही कंपनीची कंजुषी म्हणावी लागेल. सर्वांत मोठी गैरसोय ‘विंडोज’ वापरणाऱ्यांची झाली. इंटेलच्या यंत्रावर ‘बूट कॅम्प’ या सोयीने मूळ विंडोज बसवता येत असे. ‘एम१’वर ती सोय कायमची गेली. महाराष्ट्रात ‘टॅली’वर हिशेब ठेवणारे आणि ‘श्रीलिपी’वर मजकूर जुळवणारे यांच्या दृष्टीने हा तपशील गिगाहर्ट्झपेक्षा महत्त्वाचा होता. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘पॅरलल्स’ या सॉफ्टवेअरमधून ‘एआरएम’साठीची विंडोज ११ चालवण्यास मायक्रोसॉफ्टने अधिकृत मान्यता दिली. ही विंडोज जुनी सॉफ्टवेअर अनुवादाने चालवते; मात्र ज्या उपकरणांना स्वतंत्र ड्रायव्हर लागतो, त्यांचा ड्रायव्हर ‘एआरएम’साठीच लिहिलेला असावा लागतो.

मॅकवरच्या जुन्या सॉफ्टवेअरची व्यवस्था ‘रोझेटा २’ या अनुवादकाने लावली. इंटेलसाठी लिहिलेला कार्यक्रम पहिल्यांदा उघडताच तो नव्या चिपच्या भाषेत उतरवून ठेवला जातो. अनुवादात काही वेग गळतो, हे खरेच. तरीही अनुवादातून चालवलेल्या ‘गीकबेंच’ला ‘एम१’वर एका गाभ्यासाठी सुमारे १३०० गुण मिळाले, म्हणजे इंटेलच्या यंत्राला स्वतःच्या मातृभाषेत मिळत होते त्यापेक्षा अधिक!

पुढच्या पिढीने मात्र ‘नवे म्हणजे वेगवान’ या समजाला धक्का दिला. जुलै २०२२ मध्ये आलेल्या ‘एम२’ ‘एअर’चा प्रोसेसर अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार १८ टक्के वेगवान होता. परंतु २५६ जीबीच्या स्वस्त प्रकारात साठवणुकीसाठी दोनऐवजी एकच चिप बसवलेली निघाली. दोन चिपांवरून एकाच वेळी माहिती वाचता येते, एकीवरून ते साधत नाही. परिणामी, ‘एम१’मध्ये सेकंदाला सुमारे २९०० मेगाबाइट असलेला वाचनाचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. रॅम अपुरी पडली की यंत्र साठवणुकीचाच आधार घेते; त्यामुळे ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पुष्कळ कामे एकदम उघडल्यास हा फरक जाणवू शकतो. भारतात या यंत्राची प्रारंभीची किंमत १ लाख १९ हजार ९०० रुपये होती. मार्च २०२४ च्या ‘एम३’ ‘एअर’मध्ये पुन्हा दोन चिपा आल्या, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘एअर’ची किमान रॅम १६ जीबी करण्यात आली. वापरलेला ‘एम२’ घेणाऱ्याने म्हणूनच ५१२ जीबीचा प्रकार पाहावा, किंवा २५६ जीबीच घ्यायचा झाल्यास ‘एम१’चाही भाव विचारावा.

मार्च २०२० च्या ग्राहकाचा हिशेब अखेर वेगापेक्षा आयुष्यावर येऊन ठेपला. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मॅकओएस टाहो’ने इंटेलचा ‘एअर’ वगळला. २०२४ ची ‘सिक्वोया’ ही त्याला मिळालेली शेवटची आवृत्ती ठरली. आठ महिन्यांनी आलेला ‘एम१’ ‘एअर’ मात्र ‘टाहो’च्या यादीत आहे.