हवेची बंदूक आणि माझं चुकलेलं उत्तर

नववीच्या वर्गात 'बॉम्बे हाय'चा विषय निघाला होता. १९६०च्या दशकात रशियन आणि भारतीय पथकाने जहाजातून पाहणी केली, १९७४ साली 'सागर सम्राट'ने विहीर खोदली आणि तेल लागलं, इथपर्यंत मी सांगितलं. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला.

"सर, पाण्याखालच्या जमिनीत काय आहे हे वरून कळतं कसं?"

"आवाजाने. जहाजावरून मोठा आवाज सोडतात. तो समुद्रतळाखालच्या खडकांवर आपटून परत येतो, त्यावरून नकाशा काढतात."

"मग माशांना त्रास होत नाही?"

"एवढ्या मोठ्या समुद्रात काय होतंय त्यांना!" मी हसून म्हणालो. वर्गही हसला. ते उत्तर मला सलत राहिलं, म्हणून वाचायला बसलो.

पूर्वी हा आवाज स्फोटकांनी काढत. मेलेले मासे वर तरंगत, म्हणजे नुकसान निदान दिसत तरी असे. १९६०च्या दशकात एअरगन आली. दाबून भरलेली हवा एकदम पाण्यात सोडायची, दर दहा-पंधरा सेकंदांनी, कित्येक दिवस. मासे तरंगेनात, तेव्हा प्रश्न मिटल्यासारखा वाटला. पण देवमासे आणि डॉल्फिन कानांवर जगतात. पाण्यात उजेड लांब पोचत नाही. आवाज मात्र हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो.

१९९५ साली ब्रिटनमध्ये जेएनसीसी या सरकारी सल्लागार संस्थेने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या पुढे सुधारत गेल्या. त्यांचं सार असं: आवाज सुरू करण्याआधी किमान अर्धा तास निरीक्षकाने समुद्र न्याहाळायचा, ५०० मीटरच्या आत देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर थांबायचं, आणि आवाज हळूहळू वाढवायचा, म्हणजे जवळच्या जनावराला दूर जायला वेळ मिळेल. नुकसानीचा पक्का पुरावा हाती येण्याची वाट न पाहता ही खबरदारी लिहिली गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वाट पाहिली की काय होतं, ते २००२ मध्ये मेक्सिकोजवळ कॅलिफोर्नियाच्या आखातात दिसलं. 'मॉरिस युइंग' हे अमेरिकी संशोधन जहाज तिथे एअरगन वापरत होतं. सप्टेंबरच्या अखेरीस सुट्टीवर आलेल्या काही सागरी जीवशास्त्रज्ञांना किनाऱ्यावर चोचीचे दोन देवमासे मेलेले सापडले. जाणणारी माणसं तिथे होती, हा निव्वळ योगायोग. प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने पाहणी थांबवली. मृत्यू एअरगनमुळेच झाला, हे निर्विवाद सिद्ध झालं नाही. कुजलेल्या देहातून ते शोधणार तरी कसं?

नियमांनाही मर्यादा आहेत. निरीक्षकाला रात्री आणि धुक्यात दिसत नाही. खोल बुडी मारणारा देवमासा तासभरही वर येत नाही. आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टास्मानियाजवळच्या प्रयोगात एका एअरगनमुळे १.२ किलोमीटरपर्यंतचे सूक्ष्म प्राणिप्लवंग मेलेले आढळले. ते कुठल्या दुर्बिणीतून दिसणार? सगळ्या समुद्राचं पोट त्यांच्यावर भरतं.

तेल मलाही लागतं. माझी मोटारसायकल त्याच्यावरच चालते. पाहणी बंद करा असं मी म्हणत नाही. पण आधी बघा, मग हळू सुरू करा, आणि जिथे बघता येत नाही तिथे थांबा, एवढं तरी कायद्याने सक्तीचं असावं.

सोमवारी त्याच वर्गावर तास आहे. हजेरी झाली की आधी त्या मुलाला उभं करून सांगणार आहे, "बेटा, तुझा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर चुकलं."