तलावातील गाळ आणि क्लोरीनयुक्त कीटकनाशके : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा असल्याने येथील शेतीचा इतिहास हा तलावांचाही इतिहास आहे. ब्रिटिश राजवटीत बांधलेला एकरुख (हिप्परगा) तलाव आणि भीमेवरील उजनी धरण ही त्याची ठळक उदाहरणे होत. पावसाच्या पाण्याबरोबर तलावात शिवाराची माती येते आणि मातीच्या कणांना चिकटलेली रसायनेही येतात.

स्वातंत्र्योत्तर काळात अशा रसायनांत डीडीटी व बीएचसी यांचा वाटा मोठा होता. खेड्यापाड्यांत ‘गॅमेक्झिन’ या नावाने परिचित असलेली भुकटी बीएचसीचीच. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये थांबविण्यात आला, तर बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली.

ही द्रव्ये प्राणवायूविरहित चिखलात विघटित होतात, हे ज्ञान अमेरिकेतील प्रदूषित नद्यांच्या अभ्यासातून आले असा समज आढळतो. वस्तुतः के. राघू व आय. सी. मॅकरे यांनी १९६६ मध्येच पाण्याखालील भातजमिनीत बीएचसीच्या गॅमा घटकाचे जैविक विघटन दाखविले होते. पुढे कटक येथील एन. सेतुनाथन यांनी १९७३ मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा घेतला. भातशेतीतून आलेल्या या संशोधनाची दखल इतिहासलेखनात पुरेशी घेतली गेलेली नाही.

विघटनाची प्रक्रिया थोडक्यात अशी : आपण श्वसनात प्राणवायू वापरतो, त्या जागी काही जीवाणू क्लोरीनयुक्त संयुगच वापरतात, क्लोरीनचा अणू सुटतो व त्याजागी हायड्रोजन बसतो. टेट्राक्लोरोइथीनमधील सर्व क्लोरीन काढून टाकणारा ‘डिहॅलोकोकॉइडिस’ हा जीवाणू अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये, म्हणजे आपल्याकडील बीएचसी-बंदीच्याच वर्षी, वर्णिला.

मात्र चिखल सर्वच घटकांना सारखा न्याय देत नाही. गॅमा घटक लवकर नष्ट होतो, बीटा दीर्घकाळ टिकतो. आणि डीडीटीपासून बनणारे डीडीडी स्वतःच क्लोरीनयुक्त असते.

२०१७ मध्ये राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केल्यापासून हा तपशील केवळ शास्त्रीय राहिलेला नाही. गाळ शेतात पसरताच त्यात प्राणवायू शिरतो व वरील जीवाणूंचे कार्य थांबते. क्लोरोबेंझिनसारखी अल्पक्लोरीन संयुगे तेथे इतर जीवाणू फोडू शकतात. बीटा घटक व डीडीडी यांबाबत तशी खात्री देता येत नाही. त्यामुळे गाळ उचलण्यापूर्वी तळाच्या निरनिराळ्या थरांतील नमुने घेऊन या दोहोंचे स्वतंत्र मापन करणे आवश्यक ठरते.