घरचा मेन बोर्ड : काल आणि आज

खांबावरची वीज घरात येते ती आधी मीटरवर उतरते आणि मीटरवरून मेन बोर्डावर जाते. तिथून पुढे ती दिव्याला, पंख्याला, मोटारीला वाटली जाते. चुलीतली राख आपण रोज काढतो, पावसाळ्याआधी घर शाकारतो. पण या बोर्डाकडे मात्र दिवे गेले तरच आपलं लक्ष जातं. घर वाढतं, माणसं वाढतात, यंत्रं वाढतात आणि बोर्ड आजोबांच्या वेळचाच राहतो. तो बदलायची वेळ आली आहे हे ओळखायचं कसं, हा आजचा विषय. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. कारण या बोर्डावरची प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या संकटावरचा तोडगा म्हणून जन्माला आलेली आहे. संकट कळलं की वस्तूचं काम कळतं, आणि काम कळलं की ती अपुरी कधी पडते हेही कळतं.

इंग्लंडात मँचेस्टरजवळ जेम्स जूल नावाचा संशोधक होऊन गेला. १८४० च्या सुमारास त्याने प्रयोग करून दाखवलं की, तारेतून वीज वाहू लागली की तार तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. प्रवाह तिप्पट, तर उष्णता नऊपट. शिक्षक बंधुभगिनींनी हा वर्गाचा नियम मुलांकडून पाटीवर मांडून घ्यावा. घराला लागणाऱ्या विजेच्या आगींचं पुष्कळसं मूळ या एका हिशेबात आहे.

या उष्णतेचा उपयोग रक्षणासाठी करून घ्यावा ही कल्पना घरातल्या दिव्यापेक्षा जुनी आहे. फ्रान्समधल्या प्रसिद्ध घड्याळजी घराण्यातल्या लुई ब्रेगे यांनी १८४७ साली तारायंत्राच्या कचेऱ्या वाचवण्यासाठी एक सूचना केली. तारेवर आकाशातली वीज पडली की यंत्रं जळत. ब्रेगे यांनी सांगितलं, कचेरीत शिरण्यापूर्वी तारेचा थोडा भाग बारीक ठेवा; जळायचंच तर तेवढं जळेल, यंत्र वाचेल. पुढे अमेरिकेत एडिसनने १८८० साली घरगुती दिव्यांसाठी अशाच संरक्षक तारेचं पेटंट घेतलं, आणि १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीज केंद्र सुरू झालं. हाच आपला फ्यूज.

आपल्या शेतकरी श्रोत्यांना हे चटकन उमगेल. बांधाला आपण सांडवा ठेवतो. पाणी जास्त झालं तर ते कुठून जायचं हे आपण आधीच ठरवून दिलेलं असतं. फ्यूज म्हणजे विजेचा सांडवा. साऱ्या वायरिंगमधली सर्वांत कच्ची जागा आपणच ठरवायची, आणि ती चिनी मातीच्या डबीत, डोळ्यांसमोर ठेवायची. सांडवा बुजवला तर पाणी थांबत नाही. बांध भलतीकडेच फुटतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईत विजेचे दिवे पहिल्याने लागले ते १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र चालू झालं आणि सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. खेडोपाडी वीज पोचायला मात्र बराच काळ जावा लागला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं, आणि त्यानंतरच्या दशकांत गावोगाव खांब उभे राहिले. २००५ साली त्या मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. घरोघर वीज वाटण्याचं काम राज्याच्या बहुतेक भागात महावितरणकडे आलं.

त्या काळच्या घरातला बोर्ड पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असेल. भिंतीला ठोकलेली लाकडी पाटी, तिच्यावर काळं बटन, लोखंडी मेन स्विच, आणि ज्याला वायरमन मंडळी किटकॅट म्हणतात तो चिनी मातीचा फ्यूज. तारा लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या, वरती रबराचं आवरण. पुढे अनेक ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. हा बोर्ड त्या काळच्या घराला पुरेसा होता, हे आधी मान्य केलं पाहिजे. हिशेब करून पाहू. साठ वॅटचे चार दिवे, म्हणजे २४० वॅट. पन्नास वॅटचा एक रेडिओ धरा. एकूण २९० वॅट. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर निघतात. उत्तर येतं सव्वा अँपिअर. पाच अँपिअरचा फ्यूज त्या घराला ऐसपैस होत होता.

आता त्याच घराचा आजचा हिशेब मांडा. गिझर २००० वॅट, इस्त्री १०००, पाण्याची एक अश्वशक्तीची मोटार सुमारे १०००, मिक्सर ५००, फ्रिज २००, दोन पंखे १५०, टीव्ही १००, आणि नव्या एलईडी दिव्यांचे सगळे मिळून ५०. बेरीज ५००० वॅट. २३० ने भागा : पावणेबावीस अँपिअर. म्हणजे जुन्या हिशेबाच्या सतरापट. सगळं एकाच वेळी चालत नाही हे खरं. पण सकाळी सात वाजता गिझर, मोटार, इस्त्री आणि मिक्सर एकदम चालू असणं हे काही नवलाचं नाही. आणि मेनपासून आलेली तार जुनीच असेल, तर सगळं एकदम चालू असताना तिच्यात उत्पन्न होणारी उष्णता जूलच्या नियमाने सतरापट नव्हे, सुमारे तीनशेपट होते!

अशा वेळी फ्यूज उडतो. तो खरं म्हणजे आपलं काम चोख करत असतो. पण आपण काय करतो? 'सारखा उडतोय' म्हणून फ्यूजमध्ये जाड तार घालतो. कुणी दोन पदरी तार पिळून घालतं, कुणी तर साधी वायर सोलून तिचा तुकडा अडकवतं. त्यानंतर फ्यूज उडत नाही आणि सगळ्यांना वाटतं, दुरुस्ती झाली. झालेलं असतं एवढंच की, सांडवा बुजला. आता जळायची पाळी भिंतीतल्या तारेची, माळ्यावरच्या जोडाची. ती जागा आपल्याला दिसत नाही आणि तिच्याभोवती लाकूड, कडबा, कपडे काहीही असू शकतं.

तार बदलण्याची ही सवय मोडणारं साधन १९२४ सालीच निघालं होतं. जर्मनीतल्या मानहाइम शहरी हुगो श्टोत्स आणि त्यांचे सहकारी हाइनरिख शाख्टनर यांनी आपोआप पडणारा छोटा स्विच बनवला. आज आपण त्याच्याच वंशजाला एमसीबी म्हणतो. त्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी. ती हळूहळू तापून वाकते आणि बराच वेळ चाललेला जादा भार ओळखते. दुसरा विद्युत्‌चुंबक, शॉर्टसर्किट झालं की तो क्षणात स्विच पाडतो. साध्या तारेच्या फ्यूजला वितळायला त्याच्या अंकाच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह लागतो. एमसीबी त्याच्या बराच आधी जागा होतो. शिवाय त्याच्यात जाड तार घालायला जागाच नाही. आपल्याकडे मात्र विसावं शतक संपेपर्यंत पुष्कळ घरांत किटकॅटच नांदत होता, आणि काही घरांत तो अजूनही आहे.

पण श्रोतेहो, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फ्यूज काय किंवा एमसीबी काय, हे तारेचे राखणदार आहेत, माणसाचे नव्हेत. एका अँपिअरचा दहावा हिस्सा प्रवाह छातीतून गेला तरी माणसाचं हृदय थांबू शकतं. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. हा प्रश्न अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी हाती घेतला. किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार सोडू शकतो, हे त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर मोजून पाहिलं. आणि १९६१ साली त्यांनी गळती पकडणारं साधन तयार केलं. त्याचं तत्त्व एखाद्या वाण्याच्या वहीसारखं सरळ आहे : जितकी वीज गेली तितकी परत आली पाहिजे. जमा-खर्चात फरक पडला, तर कुठेतरी, कदाचित कुणाच्या अंगातून, ती जमिनीत जात आहे; तेव्हा लगेच तोडा. आपल्याकडे या जातीच्या साधनाला आरसीसीबी म्हणतात. वायरमन पुष्कळदा ईएलसीबी असंही म्हणतात. माणसाच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरचं घ्यावं. त्यावर 'टी' या इंग्रजी अक्षराचं एक बटन असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावं. दाबल्याबरोबर वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ते केवळ शोभेचं आहे असं समजावं.

एवढा इतिहास कळला की बोर्ड वाचता येतो. आता खुणा सांगतो.

फ्यूज वरचेवर उडत असेल किंवा एमसीबी पडत असेल, तर बोर्ड आपल्याला काही सांगत आहे. बोर्डाजवळ जळका वास येतो, गुणगुणल्यासारखा आवाज येतो, झाकण हाताला गरम लागतं, कडेला काळे डाग पडले आहेत : ही चिन्हं दिसली की उद्यावर टाकू नये. मेन बंद करावा आणि जाणकाराला बोलवावं. मोटार चालू करताच दिवे मंदावत असतील, तर शेजारी विचारावं. साऱ्या आळीचे दिवे मंदावत असतील तर दोष बहुधा डीपीचा किंवा लाइनचा. आपल्याच घरचे मंदावत असतील तर घरची तार अपुरी किंवा जोड सैल. नळाला, फ्रिजला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. एका फ्यूजच्या खाली चारचार तारा कोंबलेल्या असतील, पॉइंट पुरत नाहीत म्हणून घरभर जोडवायरी लोंबत असतील, तारेवरचं रबर बोट लावताच भुगा होत असेल, तर घर बोर्डाच्या पुढे गेलं आहे.

आणखी एक खूण पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या काही बोर्डांवर फेजच्या तारेला एक आणि न्यूट्रलच्या तारेला एक, असे दोन फ्यूज असतात. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण फेजमध्ये वीज जिवंतच राहते. आणि वीज गेली असं समजून हात घालणाऱ्याचा घात होतो. न्यूट्रलमध्ये असा फ्यूज ठेवू नये असं १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच सांगितलं होतं. तुमच्या बोर्डावर तो असेल, तर तेवढ्या एका कारणासाठीही बोर्ड बदलावा.

बदलायचं ठरलं की क्रम चुकवू नये. पहिल्यांदा घरातल्या साऱ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करावी. ती विजेच्या बिलावर छापलेल्या 'मंजूर भारा'शी ताडून पाहावी. आपला वापर त्याच्या वर जात असेल तर भार वाढवून घेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा. मग तारा तपासाव्यात, मग अर्थिंग, आणि शेवटी बोर्ड. पुष्कळ लोक उलट करतात : सोळाचा एमसीबी पडतो म्हणून बत्तीसचा बसवतात आणि तार जुनीच ठेवतात. ही जाड तार घालण्याचीच नवी तऱ्हा झाली. डबी तेवढी नवी. एमसीबीचा अंक नेहमी तारेच्या ताकदीवरून ठरतो, आपल्या गरजेवरून नव्हे. गिझर आणि मोटार यांना स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी असावा. हे काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, आणि झाल्यावर कोणता एमसीबी कशाचा, हे बोर्डावर मराठीत लिहून घ्यावं. अडचणीच्या वेळी घरात एखादी आजी किंवा एखादं पोर एकटंच असू शकतं.

शिक्षक बंधूंना एक विनंती. वरचा वॅट-अँपिअरचा हिशेब पाचवी-सहावीच्या मुलालाही जमेल असा आहे. मुलांना घरी पाठवा, प्रत्येक उपकरणाच्या मागच्या पट्टीवरचा आकडा लिहून आणायला सांगा. मात्र बोर्ड दुरूनच पाहायचा, हात लावायचा नाही, हे आधी बजावा. वर्गात बेरीज-भागाकार होईल आणि संध्याकाळी तो आकडा घरच्या मोठ्या माणसांच्या कानावर जाईल. पुष्कळ घरांत बोर्ड बदलण्याची गोष्ट तिथूनच सुरू होईल.

लग्न ठरलं, मुलगा शहरातून गिझर घेऊन आला, शेतावर दुसरी मोटार बसली, घरावर मजला चढला : हे सारे आनंदाचे प्रसंग. अशा प्रत्येक प्रसंगी जसा आपण घरच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतो, तसा एकवार मेन बोर्डाचाही हिशेब घ्यावा. तोवर फ्यूज उडाला तर त्याच्यावर रागावू नये. स्वतः जळून त्याने घर राखलेलं असतं. त्याच्या जागी योग्य तेवढीच तार घालावी, आणि तो का जळला याची चौकशी त्याच दिवशी करावी.