एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात

उस्तादाच्या हाताखाली शागीर्द घडतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण अशा शिकण्याला पदवीचा मान कधी मिळाला?

हरमन श्नायडर हे अमेरिकन अभियंते प्राध्यापक. वर्गातल्या फळ्यावर कारखाना समजत नाही, हे त्यांनी ओळखले होते. सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली त्यांनी २७ विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर वर्गात, तेव्हा दुसरा कारखान्यात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातली जागा रिकामी राहत नसे, विद्यापीठाला महागडी यंत्रे घ्यावी लागत नसत आणि मुलांना मजुरी मिळे. त्यासाठी अभ्यासक्रम मात्र सहा वर्षांचा झाला.

हे फक्त अभियंत्यांपुरते उरले नाही. १९२१ साली ओहायोतल्याच अँटिऑक कॉलेजने ही पद्धत साहित्य, इतिहास शिकणाऱ्यांनाही लावली. मी बी. ए. झालो तो केवळ पुस्तकांवर. म्हणून मला याचे अप्रूप वाटते.

जर्मनीत १९७४ पासून बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात कंपनीच विद्यार्थ्याशी करार करून वेतन देऊ लागली. आपल्याकडे अप्रेंटिस कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर अभियंते आले, पण पदवीनंतर. पदवीतच उमेदवारी गुंफण्याच्या सूचना यूजीसीने २०२० साली दिल्या.

धोका एकच. पैसे देणारा आपल्या सोयीचे तेवढेच शिकवील. कंपनी बदलली किंवा बुडाली, तर मुलाजवळ काय उरेल? म्हणून श्नायडर यांचा वर्गातला आठवडा कारखान्यातल्या आठवड्याइतकाच मोलाचा आहे.