हिवतापाने घडवलेली नर्स

मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा उगम विचारला की अमेरिकेतलं मॅक्लीन रुग्णालय पुढे येतं. या कामाचं शिक्षण देणारं विद्यालय तिथे १८८२ साली निघालं. स्कॉटलंडचा कैवार घेणारे १८८५ सांगतात. तिथल्या डॉक्टरांनी वेड्यांच्या इस्पितळांतल्या सेवकांसाठी त्या वर्षी हस्तपुस्तिका काढली. माझा दोन्हींना विरोध आहे. ही नर्स खऱ्या अर्थाने घडवली ती हिवतापाने.

खानदेशात, वर सातपुड्यापर्यंत, हिवताप कुणाला नवा नाही. हुडहुडी भरते, अंग फणफणतं, मग दरदरून घाम. हाच ताप औषध म्हणून मुद्दाम आणायचा, असं व्हिएन्नाच्या डॉक्टर वाग्नर-याउरेगने १९१७ साली ठरवलं. उपदंश मेंदूत शिरून वेड लागलेल्या रोग्यांना त्याने हिवताप झालेल्या सैनिकाचं रक्त टोचलं. एकाआड एक दिवस ताप चढू द्यायचा, आठ-दहा पाळ्या झाल्या की क्विनाइन देऊन तोडायचा. काही रोगी खरोखर सुधारले, काही त्या तापातच गेले. १९२७ साली त्याला नोबेल मिळालं.

मला डॉक्टरपेक्षा खाटेशी उभं असलेलं माणूस महत्त्वाचं वाटतं. तोवर वेड्यांच्या इस्पितळांत मुख्य काम राखणदारीचं होतं: कुलूप लावणं, मोजदाद करणं, आवरून धरणं. आपल्याकडे तर १९०५ पर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर तुरुंग खात्याची देखरेख होती. आता एकदम थर्मामीटर, नाडी आणि तापाचा तक्ता आला. ताप किती चढला, हृदय झेपतंय का, क्विनाइन आज द्यायचं की आणखी एक पाळी होऊ द्यायची, हे त्या तक्त्यावरून ठरणार. किल्ल्या सांभाळणाऱ्याला हे जमणारं नव्हतं.

पाठोपाठ, पुन्हा व्हिएन्नातच, डॉक्टर साकेलने १९३३ साली मनोरुग्णाला इन्सुलिनने बेशुद्ध करण्याचा उपचार जाहीर केला. सकाळी उपाशीपोटी इंजेक्शन. रोगी घामाने निथळतो, लाळ गळते, हाक मारली तर ओ देत नाही. वेळ भरली की नाकातल्या नळीतून साखरेचं पाणी देऊन त्याला परत आणायचं. संध्याकाळी रक्तातली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून रात्रीही डोळ्यात तेल घालून बसायचं. शुद्धीवर येताना रोग्याला पहिला दिसायचा तो नर्सचा चेहरा.

स्कॉटलंडवाले म्हणतील, आमच्या पुस्तिकेत शरीरशास्त्र होतं, १८९१ पासून प्रमाणपत्रही होतं. होतं, मान्य. पण प्रमाणपत्र नसलेल्या सेवकावरही इस्पितळ चालत होतं. इन्सुलिनच्या वॉर्डात अशा माणसाच्या हाती रोगी मेला असता. ज्याच्यावाचून अडतं, तिथूनच धंद्याची कुळी मोजावी.

गंमत पुढे आहे. १९५७ साली ब्रिटनमध्ये ॲकनर आणि सहकाऱ्यांनी काही रोग्यांना इन्सुलिनने बेशुद्ध केलं, काहींना नुसत्या झोपेच्या औषधाने. सुधारणा सारखीच. मग इतकी वर्षं त्या वॉर्डातले रोगी सुधारत कशाने होते? माझं उत्तर ठाम आहे: तासन्‌तास शेजारी बसलेल्या माणसाने. आधी निवडही बऱ्या होण्याजोग्या रोग्यांचीच होई, असा दुसरा पक्ष आहे. त्यात तथ्य आहे, पण त्याने माझा मुद्दा पुसला जात नाही. कारण १९५२ सालीच हिल्डगार्ड पेप्लाऊ या नर्सने नर्स आणि रोगी यांच्यातलं नातं हाच उपचार, असं पुस्तकच लिहिलं होतं.

आपल्याकडे बंगळुरूच्या मनोरुग्णालयाचे डॉ. गोविंदस्वामी यांनी इन्सुलिनसारखे नवे उपचार लवकर उचलले. १९५४ साली तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, ते तिचे पहिले संचालक झाले, आणि १९५६ साली मनोरुग्ण परिचर्येची पदविका सुरू झाली. इन्सुलिनच्या वॉर्डात माणसं अपुरी पडल्यावरच ही गरज डॉक्टरांच्या अंगावर आली असणार, असा माझा पक्का कयास आहे.

पेनिसिलिनने हिवतापाचा उपचार संपवला, नव्या गोळ्यांनी इन्सुलिनचा. नर्स राहिली. महाराष्ट्रात नागपूर, येरवडा, ठाणे, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं; खानदेशाच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. नंदुरबारकडच्या रोग्याशेजारी कुणी बसायचं असेल, तर ते जिल्हा रुग्णालयातल्या आणि गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनेच. तिला हे शिक्षण आधी मिळायला हवं.